रंगीत पायांबद्दलची तक्रार

ओडेट ऑक्टोबरच्या शेवटी व्यायाम घ्यायच्या कामाला लागली आणि नोव्हेंबर अर्धा व्हायच्या आत वृद्धाश्रमातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना सकाळच्या नऊची ओढ लागली. न्याहारी उरकली की जो तो आपली काठी, आपला वॉकर, आपली चाकाची खुर्ची घेऊन पुढच्या दालनात हजर. बाहेर उणे वीस, काचांच्या कडांना बर्फाची साय, आकाश भांडी विसळलेल्या पाण्यासारखं करडं. नऊला दोन-चार मिनिटं असताना दार उघडायचं, गार वाऱ्याचा लोट आत यायचा आणि त्यामागून ओडेट. आधी टोपी निघायची, मग मफलर, मग कोट, मग गुडघ्यापर्यंतचे बूट. सगळ्यात शेवटी ती बर्फातली जाड पँट उतरवायची आणि तिचे पाय दिसायचे.

टाइट्स हा तिचा एकच शौक. कमरेपासून पावलांपर्यंत अंगाला चिकटून बसणारे ते विणलेले मोजे कॅनडातल्या थंडर बेच्या हिवाळ्यात सगळ्याच बायका स्कर्टखाली घालतात, पण काळे, नाहीतर फार तर तपकिरी. ओडेटचा स्कर्ट करडा, स्वेटर साधा, आणि पायांवर मात्र जत्रा भरलेली. मोहरीच्या फुलांसारख्या पिवळ्यावर एकामागून एक चालणारे कोल्हे. हिरव्यावर लाल ठिपके. एकदा तर एका पायावर आडवे पट्टे आणि दुसऱ्यावर उभे.

"आज निळे," बोडनार म्हातारा दार उघडायच्या आधीच जाहीर करायचा. चाळीस वर्षं त्यानं बंदरावरच्या धान्याच्या कोठारात काढली होती आणि आता त्याला दुसरा उद्योग नव्हता.

"कालच निळे होते. आज लाल," कुणीतरी म्हणायचं.

"पैज?"

"संध्याकाळच्या जेलीची."

मग हशा, टाळ्या, आणि ओडेट एक गिरकी घेऊन सगळ्यांना व्यायामाच्या खोलीत घेऊन जायची. एरवी व्यायामाचं नाव काढलं की ज्यांचे गुडघे दुखायचे, ते त्या कोल्ह्यांच्या मागे मुकाट चालत जायचे.

हे सगळं डार्लीन प्रोकोपचकच्या टेबलासमोर घडायचं. डार्लीन एकोणीस वर्षं त्या टेबलामागे बसत होती. येणाराजाणारा तिच्यासमोरून जायचा, फोन तीच घ्यायची, आणि रोज सकाळी भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर तारीख, बाहेरचं तापमान आणि दुपारच्या जेवणात काय आहे ते तीच लिहायची. ओडेट यायच्या आधी म्हातारे सकाळी त्या फळ्यापाशी जमायचे. "आज सूप कसलं, डार्लीन?" "वाटाण्याचं." "परत?" "परत." एवढंच बोलणं, पण एकोणीस वर्षं ते रोज व्हायचं. आता ते त्याच जागी उभे राहत, पण तिच्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून.

डार्लीन वाईट बाई नव्हती. कुणाच्या वाढदिवसाला केक कुठला आणायचा, कुणाची मुलगी रविवारी येते आणि कुणाची येतच नाही, हे तिला तोंडपाठ होतं. ओडेटशीही ती नीट वागायची. फक्त त्या नऊच्या सुमारास ती उगाच कागद खालीवर करत बसायची.

डिसेंबरात एका शनिवारी ती मॉलमध्ये नवऱ्यासाठी हातमोजे घ्यायला गेली आणि टाइट्सच्या मांडणीसमोर उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. शेवटी एक जोडी घेतली: गडद जांभळे, त्यावर पांढरी पानं. सोमवारी सकाळी घरच्या आरशासमोर करड्या स्कर्टखाली ते घालून तिनं स्वतःला आधी पुढून बघितलं, मग मान वळवून मागून. त्रेपन्नाव्या वर्षी तिला आपले पाय बरे दिसले. गाडी गरम होईपर्यंत ती त्यात बसून होती आणि तिच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय.

टेबलामागे बसल्यावर मात्र तिला कळलं की टेबल खालपर्यंत बंद आहे. तिचे पाय कुणालाच दिसत नव्हते. नऊ वाजायला आले, म्हातारे जमले, तेव्हा ती उठून फळ्यापाशी गेली आणि लिहिलेलंच सूप पुन्हा लिहिलं. कुणी बघितलं नाही. परत येऊन बसली. पुन्हा उठली, तारीख पुसली, पुन्हा लिहिली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा बोडनारनं मान वळवली.

"अरेच्चा. हिलापण लागण झाली."

सगळ्या माना वळल्या.

"डार्लीन, बाई," चाकाच्या खुर्चीतली एक म्हातारी म्हणाली, "आमच्या घरी अस्सं सोफ्याचं कव्हर होतं."

केवढा हशा झाला. त्यात वाईट काही नव्हतं, म्हातारी माणसं दिवसभर एकमेकांना असंच बोलतात. डार्लीनही हसली. तेवढ्यात दार उघडून ओडेट आत आली, काय चाललंय ते तिनं विचारलं, आणि डार्लीनच्या पायांकडे बघून अगदी मनापासून म्हणाली, "किती छान. खुलतोय गं तुला तो रंग."

ज्या सुरात ती म्हाताऱ्यांनी रंगवलेल्या चित्रांना छान म्हणायची, त्याच सुरात. निदान डार्लीनला तसंच ऐकू आलं.

आलेच असं काहीतरी पुटपुटून ती स्वच्छतागृहात गेली, आतून कडी लावली आणि ते टाइट्स ओढून काढले. घाईत नख लागून एक धागा सुटला आणि मांडीपासून घोट्यापर्यंत उभी रेघ फाटत गेली. तिनं त्यांचा गोळा करून कचऱ्याच्या डब्यात हात पुसायच्या कागदांखाली दाबला. उघड्या पायांनी वावरणं शक्य नव्हतं, म्हणून दिवसभर बर्फातली जाड पँट घालून ती टेबलामागे घामाघूम होत बसली. कुणी विचारलं तर सांगायचं, कमरेत उसण भरलीय. कुणी विचारलंही नाही.

त्याच दुपारी तिनं ते केलं.

टेबलाच्या कोपऱ्यावर नातेवाइकांच्या सूचनांसाठी एक पेटी होती. शेजारी कोऱ्या कागदांचा गठ्ठा. डार्लीननं एक कागद घेतला आणि आपलं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून उभ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं: "माझी आई इथे राहते. ती बालवाडीत नाही. रोज सकाळी एक बाई दारात उभी राहून रंगीबेरंगी पाय दाखवते आणि म्हातारी माणसं टाळ्या पिटतात, हे बघून मान खाली जाते. हे बंद व्हावं." सही नाही. कागदाची घडी पेटीत पडल्याचा आवाज आला आणि तिला हलकं वाटलं. पुढे किती तरी दिवस तिला सगळ्यात जास्त टोचायचं ते हेच. त्या क्षणी तिला चक्क हलकं वाटलं होतं.

पेटीची किल्ली व्यवस्थापक गॉर्डकडे असायची. तो दर सोमवारी ती उघडायचा. पुढच्या सोमवारी तो कागद हातात घेऊन तिच्या टेबलाशी आला. भला माणूस, पण कुणाचा आवाज चढला की लगेच नमतं घ्यायचा. त्यातून जानेवारीत सरकारी तपासणी होती.

"कुणाचं असेल गं हे?"

"काय माहीत," डार्लीन म्हणाली.

गॉर्डनं पुन्हा वाचलं. "'ती बालवाडीत नाही.' थांब. हे वाक्य मी ऐकलंय. मागच्या महिन्यात नातेवाइकांच्या बैठकीत. इर्मा कोस्की."

आणि खरंच, ते इर्मा कोस्कीचंच वाक्य होतं. तिची आई आयली कोस्की बारा नंबरच्या खोलीत राहायची. जेवताना आईच्या गळ्यात कुणीतरी बदकांची चित्रं असलेलं लाळेरं बांधलं होतं, ते बघून इर्मा बैठकीत उभी राहून म्हणाली होती, "माझी आई बालवाडीत नाही." शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, ताठ कण्याची, कमी बोलणारी बाई. त्या बैठकीची टिपणं डार्लीननंच घेतली होती. ते वाक्य तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, खाली रेघसुद्धा मारली होती.

कागद लिहिताना हे आपल्या लक्षात होतं की नव्हतं, याचं उत्तर डार्लीन पुढे स्वतःलाही देऊ शकली नाही. पण गॉर्ड समोर उभा होता तेव्हा तर लक्षात आलंच होतं. एक "नाही" पुरला असता. ती म्हणाली, "असेल बाई."

नाताळनंतर सूचना निघाली: कर्मचाऱ्यांनी गडद आणि साधे कपडे घालावेत, चित्रविचित्र नक्षी टाळावी. गॉर्डनं ओडेटला बोलावून हळुवारपणे समजावलं. एका नातेवाइकाची तक्रार आहे, नाव सांगणं बरं नाही, तूही मनाला लावून घेऊ नकोस. नाव त्यानं सांगितलं नाही, पण बालवाडीचं वाक्य सांगितलं. जेवायच्या सुट्टीपर्यंत स्वयंपाकघरालासुद्धा नाव कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी बोडनार म्हणाला, "आज हिरवे."

ओडेटनं कोट काढला, बूट काढले, पँट उतरवली. काळे.

"काळे," बोडनार म्हणाला. त्यानं आजूबाजूला बघितलं. "काळे कुणी म्हटलं होतं का?"

कुणी म्हटलं नव्हतं. त्या आठवड्यात तो रोज काहीतरी रंग सांगत राहिला आणि रोज काळेच निघाले. मग त्यानं यायचं सोडलं. बाकीचेही सोडत गेले. जानेवारीच्या शेवटी व्यायामाला सात जण उरले.

आणि आयली कोस्कीचं तर निराळंच. तिला दोन वर्षांपूर्वी झटका आला होता. पन्नास वर्षं बोललेलं इंग्रजी त्यात पुसलं गेलं आणि लहानपणची फिनिश भाषाही जवळजवळ गेली. पण नोव्हेंबरात एकदा ओडेट तिच्या पलंगापाशी बसली असताना म्हातारीनं हात लांब करून तिच्या नडगीवर बोट ठेवलं आणि स्पष्ट म्हणाली, "पुनाइनेन." लाल. तेव्हापासून ओडेट रोज दुपारी बारा नंबरमध्ये जाऊन पाय पुढे करून बसायची. आयली बोट ठेवायची आणि रंगाचं नाव घ्यायची. केल्तायनेन, पिवळा. सिनिनेन, निळा. तिच्याजवळ तेवढेच शब्द उरले होते, आणि ते त्या पायांवर सापडायचे. त्या पहिल्या दिवशी इर्मानं दारात उभं राहून हे बघितलं होतं. चेहरा दगडासारखा. एक अक्षर न बोलता ती वळून निघून गेली होती. ओडेटनं तेव्हाच ओळखलं होतं म्हणे, या बाईला हे आवडलेलं नाही. आता तर खात्रीच झाली.

काळ्या पायांवर आयलीनं दोन-तीनदा बोट ठेवून बघितलं. काळ्याला फिनिशमध्ये शब्द असणारच, पण तिला तो सापडला नाही. मग तिनं हात पांघरुणाखाली घेतला.

इर्माशी कुणी भांडलं नाही. तिथली माणसं भांडत नाहीत. सगळे फक्त गार झाले. दुपारी येणाऱ्या नातेवाइकाला कुणीतरी कॉफीचा कप पुढे करतंच, तो तिच्यापुढे यायचा बंद झाला. आईची नखं कापायची राहिलीत म्हणून तिनं सांगितलं तर "बघते" म्हणून परिचारिका पुढे निघून जायची आणि आठवडाभर बघायची नाही. ती खोलीत शिरली की आतली बाई कामाचं निमित्त काढून बाहेर. डार्लीनला टेबलामागून हे सगळं दिसत होतं. येताना इर्मा "नमस्कार" म्हणायची आणि दालनातला एकही माणूस वर बघायचा नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी इर्मा तिच्या टेबलाशी थांबली. हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"मिसेस प्रोकोपचक, एक विचारू? तुम्ही इथल्या सगळ्यात जुन्या, म्हणून तुम्हाला विचारते. माझ्या हातून काही चुकलंय का?"

"कशाबद्दल?"

"तेच तर मला कळत नाहीये. सगळे माझ्याशी... मला वाटतं, मी फार बोलते. त्या लाळेऱ्यावरून मी जरा जास्त बोलले. शाळेतली सवय जात नाही हो माझी. मी माफी मागायला तयार आहे, पण कुणाची मागू ते कुणी सांगेल का?"

तिचा आवाज एवढासा झाला होता. साठीची बाई, जिच्यासमोर शेकडो पोरं चळाचळा कापली असतील, ती डार्लीनसमोर शाळेतल्या पोरीसारखी उभी होती.

"नाही हो," डार्लीन म्हणाली. "तुमचा भास आहे. हिवाळ्यात सगळेच असे होतात."

"भास," इर्मा म्हणाली. तिनं मान हलवली. "असेल. थँक यू."

ती बारा नंबरकडे गेली. डार्लीनचे कान तापले. जांभळ्या पायांना लोक हसले होते तेव्हाही असंच झालं होतं, पण तेव्हा निदान रागवायला समोर कुणीतरी होतं. आता कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इर्मा पर्शियनचं मोठं खोकं घेऊन आली. गुलाबी गोड थर दिलेले ते तळलेल्या पावाचे मऊ गोळे, गावात कुणाच्याही घरी गेलं तरी हेच समोर येतात आणि कुणी नको म्हणत नाही. "सगळ्यांसाठी," असं म्हणून तिनं ते खोकं कर्मचाऱ्यांच्या खोलीत टेबलावर ठेवलं. झाकणावर छोटी चिठ्ठी: तुम्ही माझ्या आईचं एवढं करता, त्याबद्दल.

चार वाजता डार्लीन चहाला आत गेली. खोकं जिथल्या तिथे. झाकण उघडलं. चोवीस पर्शियन, एकही हललेला नाही. गुलाबी थराला वरून बारीक तडे गेले होते. स्वयंपाकीण कोपऱ्यात कोरडा टोस्ट खात होती.

"घे ना," डार्लीन म्हणाली.

"तिचं? नको बाई. तूच खा."

डार्लीनला तिथे उभं राहवेना. चहा न घेताच ती गॉर्डच्या खोलीत गेली, दार लावलं आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "तो कागद मी लिहिला होता."

गॉर्डला आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यानं चष्मा काढून डोळे चोळले.

"का?"

ती सांगायला गेली तर तिला स्वतःलाच ते कारण किती टीचभर आहे ते ऐकू आलं. जांभळे टाइट्स. सोफ्याचं कव्हर. ती मध्येच थांबली.

"हे बघ," गॉर्ड म्हणाला, "तपासणी नीट पार पडली. विषय संपलाय. मी सूचना हळूच मागे घेतो, उन्हाळ्याच्या आसपास. कुणाला काही सांगायची गरज नाही. तुझी एकोणीस वर्षं आहेत इथे."

सुटका समोर उभी होती, आणि ती घ्यावी असं तिला इतकं वाटलं की हात दाराच्या मुठीवर तसाच राहिला. मग ती म्हणाली, "इर्माच्या खोक्यातला एकही पर्शियन कुणी खाल्लेला नाही, गॉर्ड." गॉर्डला त्याचा अर्थ लागला नाही. ती बाहेर पडली.

ओडेट व्यायामाच्या खोलीत एकटीच खुर्च्या रचत होती. काळे पाय, काळा स्कर्ट. डार्लीननं सांगितलं. या वेळी कारणासकट सांगितलं, टीचभर असलं तरी. ओडेट हातातली खुर्ची तशीच धरून ऐकत राहिली.

"मी तुला चांगलं म्हणाले होते गं," ती शेवटी म्हणाली. "मला खरंच छान वाटलं होतं. मी घरी जाऊन सांगितलंसुद्धा, आमच्याकडच्या डार्लीननं आज टाइट्स घातले म्हणून."

डार्लीनला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"इर्माला सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग माझ्याकडे काय आलीस आधी?" ओडेटचा आवाज चढला नव्हता, पण आता तो मऊही नव्हता. "दीड महिना मी त्या बाईकडे बघितलेलं नाही, डार्लीन. तिच्या आईच्या खोलीत जायचं मी बंद केलं. तिच्यावरचा राग म्हणून. म्हातारीचं काय, याचा विचार नाही केला मी. आता मी तिला कुठल्या तोंडानं भेटू?"

तिनं खुर्ची आपटून ठेवली आणि पाठ फिरवली. डार्लीन बारा नंबरकडे निघाली.

इर्मा पलंगाशेजारी बसून आईच्या हाताला मलम लावत होती. आयली झोपली होती. डार्लीन दारातच उभी राहिली आणि तिथूनच बोलली. आत जायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटत होतं. सगळं सांगून झालं तरी इर्मा मलम लावतच राहिली, एकेक बोट धरून, नीट.

"काल मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"तेव्हा तुम्ही म्हणालात, भास."

"हो."

"माझंच वाक्य का घेतलंत?"

डार्लीननं खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण खरं काय ते तिलाही धड ठाऊक नव्हतं. "ते तयार होतं," ती म्हणाली. "आणि ते तुमच्यासारख्या बाईचं होतं. त्याला कुणी उलट बोललं नसतं."

इर्मानं डबीचं झाकण लावलं. "त्या मुलीच्या पायांवर बोट ठेवून आई 'लाल' म्हणाली ना, तो दोन वर्षांत तिच्या तोंडून आलेला पहिला शब्द होता. मी दारात होते. मला लोकांसमोर रडता येत नाही, म्हणून मी गाडीत जाऊन बसले. पाऊण तास बसले होते. आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत, की मला ते आवडलं नाही."

इर्मानं आईचा हात पांघरुणाखाली ठेवला.

"मला माफी नको तुमची. निदान आज नको. उद्या तुमची बैठक असते ना सकाळी? तिथे सांगा. मी चोरासारखी येत होते इथे, माझ्या आईच्या खोलीत. ते कशामुळे, ते सगळ्यांना कळू दे."

बुधवारच्या बैठकीला चौदा माणसं होती. गॉर्डनं आंघोळीच्या वेळांचं सांगून झाल्यावर डार्लीन उठली. एकोणीस वर्षं तिनं त्या बैठकीची टिपणं घेतली होती, बोलली कधीच नव्हती. पाच वाक्यांत संपलं. भिंतीतल्या पाइपमधून वाफ सुटल्याचा आवाज तेवढा येत होता. मग स्वयंपाकीण म्हणाली, "म्हणजे मी उगाच टोस्ट खाल्ला." कुणीतरी नाकातून हसलं आणि लगेच गप्प झालं. डार्लीन बसली. समोरच्या वहीत काहीतरी लिहायचं होतं, पण पेन चालेना.

गॉर्डनं नाइलाजानं तिला एक लेखी समज दिली, कागदाची एक प्रत तिच्या हातात, एक कपाटात. सूचना त्याच दिवशी मागे घेतली. परिचारिका रांगेनं बारा नंबरमध्ये जाऊन आल्या, कुणी कॉफी घेऊन, कुणी नखं कापायचं निमित्त काढून. सगळ्यांचेच चेहरे पडलेले होते. आपण एका कागदावरून एका माणसाला वाळीत टाकलं, हे कुणालाच फारसं बोलून दाखवायचं नव्हतं. काही जणी डार्लीनशी त्यानंतर कामापुरतंच बोलू लागल्या, आणि त्यात थोडा भाग स्वतःवरच्या रागाचा असावा.

ओडेट लगेच काही रंगीत टाइट्स घालून आली नाही. आठ दिवस काळेच होते. नवव्या दिवशी तिनं पँट उतरवली तेव्हा दालनात फक्त तीन जण होते, आणि तेही फळ्यावरचं सूप वाचत होते. नारिंगी रंग, त्यावर पांढरे पक्षी. बोडनारला बोलवायला कुणीतरी धावत गेलं. तो आला, बघितलं, आणि म्हणाला, "मी सांगितलं नव्हतं, त्यामुळे आजचं धरायचं नाही." दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा येऊ लागला.

आयलीचं मात्र तसं झालं नाही. ओडेट त्या नारिंगी दिवशीच दुपारी बारा नंबरमध्ये गेली, इर्माशी पाच मिनिटं दार लावून काय बोलली ते कुणालाच कळलं नाही, आणि मग पाय पुढे करून बसली. आयलीनं बघितलं. हात उचलला नाही. रोज ओडेट जाऊन बसायची. तिसऱ्या आठवड्यात कोल्हे होते, तेव्हा म्हातारीनं बोट ठेवलं आणि म्हणाली, "केल्तायनेन." पिवळा परत आला. लाल आणि निळा आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, या वयात असे शब्द कधी ना कधी जाणारच, आज गेले काय, उद्या गेले काय, त्याला कुणाला जबाबदार धरता येत नाही. डार्लीननं हे फोन जोडून देताना ऐकलं. तिला ते खरं वाटावं असं फार वाटत होतं, पण वाटलं नाही.

नोकरी सोडावी असं तिच्या मनात आलं. नवऱ्याशी बोलली. तो म्हणाला, "सोडलीस तर तुला बरं वाटेल. त्यांना काय मिळेल?" तिनं सोडली नाही. रोज फळ्यावर सूप लिहीत राहिली. ओडेट तिला "गुड मॉर्निंग" म्हणायची, बाकीच्यांना म्हणायची तसंच. त्यापलीकडे काही नाही.

इर्मा रोज दुपारी यायची. टेबलावरच्या वहीत सही करताना ती वर बघायची नाही. डार्लीन पेन सरकवायची, ती सही करायची, पेन परत ठेवायची. मार्च असाच गेला. एप्रिलमध्ये, बर्फ काळवंडून रस्त्याच्या कडेला साचला होता तेव्हा, एका दुपारी सही करून झाल्यावर ती जागेवरच थांबली.

"आईनं आज दुपारी काही खाल्लं का, माहीत आहे तुम्हाला?"

"अर्धी वाटी सूप," डार्लीन म्हणाली. "आणि थोडा ब्रेड. ब्रेड तिनं हातानं खाल्ला."

"कसलं सूप?"

"वाटाण्याचं."

इर्मानं मान हलवली आणि बारा नंबरकडे गेली. डार्लीननं वही आपल्याकडे वळवून घेतली. तोंड तापलेलं होतं, आणि ते निवायला बराच वेळ लागला.